बाळाची खरेदी कधी केली, काय कामी आलं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी लेक आता आठ महिन्यांची आहे, जुलै 2025 चा जन्म. गरोदरपणातल्या खरेदीची सगळी बिलं मी एका डब्यात जपून ठेवली होती. परवा ती काढून, कोणती वस्तू कोणत्या महिन्यात घेतली आणि किती वापरली, हे ताडून पाहिलं. बेताच्या पैशांत सगळं बसवायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. काय घ्यावं हे मला दहा जणांनी सांगितलं. कधी घ्यावं यावर फक्त आई बोलली, आणि तिचं मी ऐकलं नाही.

आईचं म्हणणं एकच, बाळ हातात येईपर्यंत घरात मोठं काही आणायचं नाही. मला ती जुनी समजूत वाटली. जानेवारीत, चौथ्या महिन्यात, प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये मी प्रॅम आणि इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप मागवला. प्रॅम 5,800 रुपये, पंप 2,900. सूट चांगली होती, हे खरं.

पंपाचं काय झालं ते सविस्तर सांगते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं आमचं ठरलं होतं. माझी प्रसूती रजा 26 आठवड्यांची, जूनअखेर सुरू झाली. म्हणजे पंप लागला तो थेट डिसेंबरात, कामावर रुजू व्हायच्या तोंडावर. खोका तेव्हा पहिल्यांदा फोडला. आठ-दहा दिवस चालला, मग मोटर नुसती घरघरायची आणि दूध खेचायचीच नाही. वॉरंटी सहा महिन्यांची, आणि ती बिलाच्या तारखेपासून धरतात. बाळ जन्मलं त्याच महिन्यात ती संपली होती. कंपनीने हात वर केले. मी त्या दिवशी खरंच रडले, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. संध्याकाळी नवऱ्याने गोखले रोडवरून हाताने दाबायचा साधा पंप आणला. तोच आजपर्यंत चालतोय. मोटरवाली, चार्जिंगवाली कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी ती कधी लागणार हे पाहा आणि त्याच्या आठवडाभर आधी घ्या. सेल पुन्हा येतातच.

प्रॅमची गोष्ट छोटी आहे. वर्तकनगरची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चारदा खाली नेली, मग 2,500 ला विकली.

खरी कामाची खरेदी झाली एप्रिलमध्ये, सातव्यात. डोहाळजेवण आटोपल्यावर सासूबाई मला सकाळी दहाच्या आत जांभळी नाक्याला घेऊन गेल्या. ऊन चढायच्या आधी, आठवड्याच्या मधल्या वारी. त्यांनी प्रत्येक झबलं उलटं केलं, शिवणीवर बोट फिरवलं आणि मग ते स्वतःच्या गालावर घासून पाहिलं. मला आवडलेलं लेसचं झबलं गालाला टोचलं, ते तिथेच राहिलं. बंदाची सुती झबली सहा, टोपडी चार, लंगोट दोन डझन, मेणकापडं दोन. सगळं मिळून 1,400 च्या आत. हीच फेरी जूनमध्ये, पावसात आणि सुजलेल्या पायांनी मला झेपली नसती. त्यामुळे कपड्यांसाठी सहावा-सातवा महिनाच बरा.

तरी एक हिशेब चुकला, पावसाचा. दिवसाला बारा-पंधरा लंगोट ओले व्हायचे आणि ठाण्यातल्या जुलैत दोन-दोन दिवस काही वाळायचं नाही. खोलीभर दोऱ्या, पंखा चोवीस तास, वर इस्त्री. शेवटी ऐरोलीहून आई जुन्या मऊ सुती साड्या घेऊन आली आणि एका दुपारी तिने तीस चौकोन फाडून दिले. त्यांनीच पावसाळा निभावला. म्हणून लंगोट किती घ्यायचे हे प्रसूतीचा महिना पाहून ठरवा.

डायपरचा साठा तर करूच नका. मी मे महिन्यात नवजात मापाची तीन मोठी पाकिटं भरून ठेवली. ते माप पाच किलोपर्यंतचं. लेक जन्मली 3.1 किलोची, दोन महिन्यांच्या आत पाच ओलांडून गेली आणि एक पाकीट तसंच उरलं. वर 22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आता एक पाकीट संपत आलं की दुसरं आणते.

बारशाला सतरा फ्रॉक आले, त्यातले अकरा एकाच मापाचे. कुणी 'काय आणू' विचारलं तर संकोच न करता सहा महिन्यांपुढचं माप सांगा. उशी-लोडांचा गादीसेटही आला होता. पण डॉक्टरांनी बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवरच झोपवायला आणि जवळ उशी ठेवायची नाही असं बजावलं होतं, त्यामुळे तो उघडलाच नाही.

पाळणा विकत घेतलाच नाही. नणंदेचा आणला, कड्या आणि स्क्रू तपासून, घट्ट करून घेतले. आता लेक पाळण्यात उठून बसू बघते, त्यामुळे तो नेरूळला मावसबहिणीकडे चाललाय. तिची तारीख मे महिन्यातली, भर उन्हाळ्यातली, तिला दीड डझन लंगोट पुरतील. माझेच धुऊन, कडक उन्हात वाळवून तिच्या पिशवीत भरून ठेवलेत.