शिकवणी की मोबाइल: दहावीचा अडलेला गृहपाठ

देवगडजवळच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या पुतणीला विज्ञान-गणिताचा गृहपाठ अडला की शिकवणी लावावी, की मोबाइलवर उत्तर शोधावे, असा प्रश्न पडला आहे.

खर्चात मोबाइल स्वस्त पडतो. बालभारतीची पुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पावसाळ्यात वीज गेली की नेटवर्क जाते आणि एसटी चुकली की शिकवणी बुडते, त्यामुळे भरवशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच.

खरा फरक चूक सापडण्यात आहे. 20 सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 30 सेंमीवर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा तिने 12 सेंमीवर काढली होती. मोबाइलने 60 सेंमी हे बरोबर उत्तर दाखवले, परंतु वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे राहून गेले होते, हे वही पाहणाऱ्या बाईंनाच दिसले.

एखादीच पायरी अडत असेल तर मोबाइल पुरेसा आहे. तीच चूक वारंवार होत असेल तर शिकवणीच लावावी.