शाळेच्या राफलसाठी श्रिंक रॅपच्या पिशव्या: १९ बास्केट बांधल्यानंतरचा अभिप्राय

न्यू जर्सीतील आमच्या प्राथमिक शाळेत पीटीए (पालक-शिक्षक संघ) दरवर्षी ‘ट्रिकी ट्रे’, म्हणजे तिकिटांच्या सोडतीचा (राफलचा) कार्यक्रम, भरवते. प्रत्येक वर्ग एखादा विषय घेऊन एक बास्केट तयार करतो, वस्तू पालक देतात आणि त्या संध्याकाळी येणारे लोक आपली तिकिटे मनात भरलेल्या बास्केटसमोरच्या डब्यात टाकतात. आतली वस्तू दोन पावलांवरून नीट दिसली नाही, तर तो डबा रिकामाच राहतो, म्हणून बांधणीला मी फार महत्त्व देते. यंदा ती जबाबदारी माझ्याकडे आली आणि आम्ही तिघी पालकांनी मिळून १९ बास्केट बांधल्या. त्यासाठी मागवलेल्या श्रिंक रॅपच्या, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या, २४ बाय ३० इंचांच्या पिशव्यांच्या ३० नगांच्या संचाबद्दल हे लिहीत आहे.

पिशवीचा पारदर्शकपणा उत्तम आहे. गेल्या वर्षी साध्या सेलोफेनच्या घड्यांवर जिमखान्यातील दिव्यांची तिरीप पडून आतले काहीच कळत नव्हते. यंदा दुसरीच्या ‘चहाची वेळ’ या बास्केटमधील पितळी गाळणी, मसाल्याची बाटली आणि चकलीचे पाकीट ही तिन्ही लांबूनही ओळखू येत होती.

तक्रार आहे ती मापाबद्दल. संचावर ‘१४ इंचांपर्यंतच्या बास्केटसाठी’ असे छापले आहे. परंतु सपाट पिशवीची रुंदी २४ इंच म्हणजे तिच्या तोंडाचा घेर ४८ इंच होतो. १४ इंच व्यासाच्या गोल बास्केटचा घेर सुमारे ४४ इंच भरत असल्याने ती सहज आत जाते. १४ बाय १० इंचांच्या आयताकृती बास्केटचा घेर मात्र नेमका ४८ इंच होतो आणि ती कडेला अडकून बसते. पहिल्याच रात्री आमच्या दोन पिशव्या अशाच फाटल्या. आपल्या बास्केटचा घेर दोरीने मोजून तो पिशवीच्या घेरापेक्षा किमान चार इंच कमी असल्याची खात्री करावी, मगच मागणी नोंदवावी. वर गाठ बांधायला किती लांबी उरेल, हेही त्याच वेळी पाहावे.

आवळण्यासाठी केस वाळवायचे यंत्र पुरत नाही. आम्ही त्यावर अर्धा तास वाया घालवला. हीट गन (खूप गरम हवेचा झोत सोडणारे हत्यार) सतत फिरती ठेवून बुडापासून वर आणली, तर पिशवी एकसारखी आक्रसते आणि एका जागी थांबली, तर तिथे क्षणात भोक पडते. बेकिंगच्या बास्केटमधील चॉकलेटचे तुकडे कडेला ठेवले होते, ते वितळले, म्हणून असा खाऊ मध्यभागी ठेवावा. गरम होताना येणारा वास बराच उग्र असतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात.

आणखी एक गोष्ट आधी कळली असती, तर आमचा त्रास वाचला असता: एकदा आवळलेली पिशवी कापल्याशिवाय उघडत नाही. न्यू जर्सीत राफलसाठी आधी नगरपालिकेचा परवाना घ्यावा लागत असल्याने कार्यक्रमाची तारीख खूप आधी ठरलेली असते, तरीही वस्तू शेवटच्या दिवसापर्यंत येतच राहतात. चौथीच्या ‘गेम नाइट’साठी पत्त्यांचे दोन सुंदर जोड उशिरा आले आणि त्यांच्यासाठी चांगली बांधलेली बास्केट आम्हाला पुन्हा सोडावी लागली. आता सर्व वस्तू बांधणीच्या तीन दिवस आधी पोहोचल्या पाहिजेत, असे आम्ही पालकांना कळवणार आहोत. यादीचे कार्डही आवळण्यापूर्वीच, दर्शनी बाजूला लावावे. गिफ्ट कार्डे मात्र आत न ठेवता पीटीएकडे ठेवून त्यांचे फक्त छायाचित्र लावावे.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या छापील मापासाठी कमी केला आहे. पुढच्या वर्षी गोल बास्केटसाठी हाच संच घेईन आणि आयताकृतींसाठी ३० इंच रुंदीचा मागवीन.