आठव्या पिढीचा लॅपटॉप आणि साडेसत्तावीस हजार रुपये

सोलापुरात टॉवेलच्या धंद्यातला माणूस लेबल पाहून माल घेत नाही. तो टॉवेल हातात घेऊन झटकतो, सुताचा काउंट विचारतो, गठ्ठा काट्यावर ठेवायला लावतो आणि त्यानंतरच भावाचे बोलणे सुरू करतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी एकवीस वर्षे हिशेब लिहितो आहे, त्यामुळे ही सवय आपल्याही अंगात मुरली आहे अशी माझी समजूत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका लॅपटॉपने ती समजूत साडेसत्तावीस हजार रुपयांना खोटी ठरवली. तो व्यवहार कसा झाला आणि आम्ही नेमके कुठे चुकलो, हे सविस्तर लिहितो आहे, कारण हाच प्रकार आणखी कोणाशी चालू असण्याची मला खात्री आहे.

मुलीचा डिप्लोमा संपून तिला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला होता आणि शाखा संगणकाची असल्यामुळे लॅपटॉप टाळता येण्यासारखा नव्हता. तिला लागणारा नवा लॅपटॉप आमच्या ऐपतीच्या बाहेर होता. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले चांगल्या प्रतीचे लॅपटॉप लॉटने बाजारात येतात आणि ते घेण्यात शहाणपण आहे, असे अनेकांनी सांगितले. हा सल्ला चुकीचा नव्हता, आजही मी तो चुकीचा मानत नाही. नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत पाच-सहा दुकाने पायाखाली घातल्यावर एका दुकानात आम्हाला हवे तसे यंत्र दिसले. दुकानाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही.

दुकानदार बोलायला गोड होता. "काका, मशीन एक नंबर आहे, आय-सेव्हन, एट्थ जनरेशन, सोळा जीबी रॅम, पाचशे बाराची एसएसडी, बंगळूरच्या कंपनीचा ए-ग्रेड माल आहे, डोळे झाकून न्या," असे म्हणत त्याने झाकण उघडले. तळहात टेकतो त्या जागी आय-सेव्हन आणि आठवी पिढी असे छापलेला, प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा निळा स्टिकर होता. मी काही विचारण्याच्या आत त्याने सेटिंग्जमधले अबाउटचे पान उघडून दाखवले. त्यावर 'इंटेल कोअर आय-सेव्हन ८६५०यू, १.९० गिगाहर्ट्झ' असे स्वच्छ लिहिलेले होते. मुलीने तिथल्या तिथे मोबाइलवर हा प्रोसेसर शोधला, तर त्याचा मूळ वेगही १.९० गिगाहर्ट्झच निघाला. आकडा आकड्याला जुळला म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे मला वाटले. बिल मात्र कच्चे मिळाले. चिटोऱ्यावर 'लॅपटॉप आय-७, १६/५१२, नग १' एवढेच, आणि खाली 'टेस्टिंग वॉरंटी १५ दिवस' असा शिक्का. जीएसटीचे बिल मागितले तेव्हा त्याने वर अठरा टक्के पडतील असे सांगितले आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पिढी म्हणजे प्रोसेसरची ठरावीक काळाने येणारी नवी मालिका. आठव्या पिढीला एवढा भाव का, हे समजल्याशिवाय या फसवणुकीतले कौशल्य कळत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आणली, तेव्हा इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृतपणे चालतील अशी अट घातली, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपेल असे जाहीर केले. चांगले चालणारे असंख्य जुने संगणक या एका अटीमुळे रातोरात कमी किमतीचे ठरले. सातवी पिढी एका बाजूला, आठवी दुसऱ्या बाजूला, आणि मधली रेघ हजारो रुपयांची. ज्या आकड्याला बाजारात भाव येतो, तोच आकडा बनावट होतो. आमच्या धंद्यातही ज्या मिलच्या सुताला मागणी असते, तिचाच शिक्का दुसऱ्या मिलच्या सुताच्या कोनांवर, म्हणजे गुंडाळ्यांवर, बसतो.

पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. लॅपटॉप सुरू करून पासवर्ड टाकला की पडद्यावर एक काळी चौकट क्षणभर चमके आणि आपण वाचण्याच्या आत नाहीशी होई. फोन करून विचारले तेव्हा दुकानदाराने अँटीव्हायरस चालू होत असल्याचे सांगितले. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा पंखा. मुलगी प्रोग्रॅम चालवू लागली की तो एवढा फिरे की तिची आजी शेजारच्या खोलीतून मिक्सर बंद करायला सांगे. आम्ही हसण्यावारी नेले. पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी अशीच हसण्यात संपली.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात एक छोटा प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम होता, ज्यात प्रोसेसरला एकाच वेळी किती थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, चालवता येतात हे यंत्रालाच विचारायचे होते. मुलीच्या मैत्रिणीकडे आठव्या पिढीचा आय-फाइव्ह होता आणि तिच्या पडद्यावर आठ आले. आमच्या आय-सेव्हनवर चार आले. मुलीने तीन वेळा प्रोग्रॅम तपासला, मग घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, आपल्या मशीनमध्ये निम्मे धागे कमी आहेत." टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावे लागले.

रविवारी पुण्याहून आलेल्या भाच्याने दहा मिनिटांत सगळे उलगडले. त्याने प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूवर क्लिक केले. वर मोठ्या अक्षरांत ८६५०यू असेच नाव होते, पण खाली कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजेच थ्रेड) चार आणि एल-थ्री कॅशे (प्रोसेसरमधली जलद स्मृती) तीन एमबी असे आकडे होते. खऱ्या ८६५०यूला चार कोअर, आठ थ्रेड आणि आठ एमबी कॅशे असते. मग त्याने लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा सुरू करताना एफ-टू दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरला. तिथे विंडोज अजून सुरूच झालेली नसल्यामुळे तिच्यात केलेली लबाडी पोहोचत नाही. त्या साध्या पडद्यावर लिहिले होते, आय-फाइव्ह ४३००यू. म्हणजे २०१३ चा, चौथ्या पिढीचा प्रोसेसर. पिढी तर खोटी होतीच, पण आय-सेव्हनसुद्धा खोटे होते.

ही लबाडी करायला फार अक्कल लागत नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. विंडोज स्वतःची सगळी नोंद रजिस्ट्री नावाच्या वहीत ठेवते आणि अबाउटच्या पानावर प्रोसेसरचे जे नाव दिसते ते त्या वहीतल्या एका ओळीतून वाचलेले असते. ती ओळ कोणालाही खोडून पुन्हा लिहिता येते. अडचण एवढीच की वहीचा तो भाग संगणक सुरू होताना दर वेळी नव्याने लिहिला जातो, त्यामुळे खोटे नावही दर वेळी नव्याने लिहावे लागते. त्यासाठी दुकानदाराने तीन ओळींची एक फाइल आपोआप सुरू होणाऱ्या कामांमध्ये लपवली होती. क्षणभर चमकणारी काळी चौकट ती हीच. भाच्याने ती फाइल काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा अबाउटच्या पानानेही मुकाट्याने ४३००यू कबूल केले. खोटे नाव निवडण्यातही दुकानदाराने डोके चालवले होते. ४३००यू आणि ८६५०यू या दोन्हींचा मूळ वेग १.९० गिगाहर्ट्झच आहे, म्हणून मुलीने मोबाइलवर केलेली पडताळणी त्याच्याच पथ्यावर पडली. आणि विंडोज ११ ची अट चुकवून ती जुन्या यंत्रांवर बसवण्याच्या युक्त्या सर्वश्रुत आहेत, त्यामुळे 'अकरा चालते म्हणजे आठवी पिढी असणारच' हा आमचा तर्कही पोकळ होता.

येथे कंपन्यांबद्दलही माझे मत नोंदवतो. माझे पैसे दुकानदाराने घेतले, कंपनीने नव्हे. पण ग्राहकाला नाव वाचून वस्तू कळू नये अशी नावे ठेवण्याची या कंपन्यांची जी रीत आहे, तिच्याच सावलीत असे दुकानदार वाढतात. इंटेलच्या चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढीचा असतो आणि दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहावे लागतात, एवढे तरी सामान्य माणसाला शिकता येते. परंतु २०११ च्या डेस्कटॉपमधला आय-सेव्हन २६०० चार कोअरचा आणि २०१६ चा लॅपटॉपमधला आय-सेव्हन ७५००यू दोन कोअरचा, मग आय-सेव्हन या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५ ७५२०यू आणला, तेव्हा सात हजारांच्या मालिकेचे नवे नाव घेतलेल्या त्या प्रोसेसरच्या आत २०१९ ची झेन २ ही रचना होती. क्रमांकातला तिसरा आकडा रचनेचा, असा खुलासा कंपनीने केला होता, पण दुकानात उभा राहून तिसरा आकडा कोण वाचतो? डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने यावरून एएमडीवर जाहीर टीका केली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये खुद्द इंटेलने कोअर ७ १५०यू या नव्या नावाखाली मागचीच रचना बाजारात ठेवली. आता तर नव्या प्रोसेसरांच्या नावातला 'आय'ही गेला आहे, आणि आमच्याकडे लोक अजून दुकानात जाऊन 'आय-फाइव्ह द्या' एवढेच म्हणतात.

दुकानात परत गेलो तेव्हा गोड बोलणे संपले होते. सेकंडहँड मालाला तक्रार नसते, पंधरा दिवस उलटले आहेत, तुम्हीच आतला पार्ट बदलून आणला असेल, अशी उत्तरे एकामागून एक आली. अशा पातळ लॅपटॉपमध्ये यू मालिकेचा (क्रमांकाच्या शेवटी 'यू' असलेला) प्रोसेसर मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, कायमचा झाळलेला असतो, तो मिक्सरच्या भांड्यासारखा बदलता येत नाही, हे भाच्याने शांतपणे सांगितल्यावर तिसरे उत्तर गळून पडले. उपयोगी ठरला तो कच्च्या बिलावरचा 'आय-७' हा त्याच्याच हातचा शब्द. पिढीबद्दल कागदावर काहीच नव्हते आणि त्याबाबत तो अखेरपर्यंत 'मी तसे बोललोच नाही' यावर ठाम राहिला, पण बिलावर आय-सेव्हन आणि यंत्रात आय-फाइव्ह, याला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तूचा दर्जा, प्रत किंवा मॉडेल यांबद्दल खोटे सांगून ती विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग वस्तू नवी असो वा जुनी. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्या नोंदीचा क्रमांक दुकानदाराला दाखवला. त्यानंतर चार दिवसांनी त्याने दहा हजार रोख आणि आठ हजार यूपीआयने परत केले आणि लॅपटॉप ठेवून घेतला. उरलेल्या साडेनऊ हजारांना त्याने 'तीन महिने वापरल्याचे भाडे' असे नाव दिले. तसाच चौथ्या पिढीचा लॅपटॉप इतर दुकानांत दहा-अकरा हजारांना मिळत होता, म्हणजे भाडे जवळजवळ अख्ख्या यंत्राएवढे झाले. या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची कागदपत्रे मी जुळवली आहेत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

जुना लॅपटॉप घ्यायला निघालेल्यांना माझी विनंती एवढीच आहे की पैसे देण्यापूर्वी दुकानदारासमोरच त्याला बंद करून पुन्हा सुरू करायला लावावे, बायोसमधले नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे आणि कोअर, थ्रेड व कॅशे हे तीन आकडे इंटेल किंवा एएमडीच्या अधिकृत पानावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. नुसता गिगाहर्ट्झचा आकडा जुळला म्हणून माझ्यासारखे निर्धास्त होऊ नये. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घ्यावा. अठरा टक्के वाचवण्याच्या मोहात मी तो कागद सोडला.

लॅपटॉप परत करण्यापूर्वी मुलीने बायोसच्या पडद्याचे, त्या लपवलेल्या फाइलचे आणि तळाशी छापलेल्या सिरीयल नंबरचे फोटो काढून ठेवले होते. वर्गात अदलाबदल होऊ नये म्हणून तिने झाकणाच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, तो पुसायचा मात्र राहून गेला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेहून परतताना त्या दुकानावरून चालत आलो. काचेच्या कपाटात पुढच्याच रांगेत एक लॅपटॉप अर्धा उघडा ठेवला होता. झाकणाच्या कोपऱ्यावर तो लाल ठिपका होता, आत तळहाताच्या जागी नवा कोरा निळा स्टिकर होता, आणि त्यावर आता दहावी पिढी लिहिलेली होती. मी बाहेरूनच फोटो काढला आणि घरी येऊन तोही तक्रारीच्या फाइलीला जोडला.