साप पळवणारी सौर काठी: दिवडाला काही फरक पडला नाही

गुण: पाचपैकी एक. तोही वर बसवलेल्या छोट्या दिव्याला.

आमच्या परसात, देवरुखजवळ, चिऱ्याचा कट्टा बांधून केलेलं लहानसं तळं आहे, सात बाय पाच फुटांचं. त्यात कुमुदाची दोन रोपं, डासांसाठी सोडलेले गप्पी आणि थोडे गोल्डफिश. पाणी आलं की बेडूक येतात आणि बेडूक आले की त्यांच्यामागून दिवड येतो. सासूबाई संध्याकाळी सापाचं नाव घेत नाहीत. "लांबडं आलंय गो परत," एवढंच सांगतात. चिरंजीवांनी पुण्यात बसून हे फोनवर ऐकलं आणि ही काठ्यांची जोडी मागवून दिली. किंमत चौदाशेच्या आसपास.

वस्तू अशी: वर सौर पट्टी, मधे प्लास्टिकची नळी, खाली जमिनीत खुपसायचं टोक. दर अर्ध्या मिनिटाने काठी गुरगुरते. डब्यावर एकीकडे 'अल्ट्रासोनिक' छापलंय आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात '४०० हर्ट्झ'. आता अल्ट्रासोनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज. ही तर मला स्वयंपाकघरात ऐकू येते. म्हणजे डब्यावरच्या दोनपैकी एक गोष्ट खोटी, आणि साप त्यातली खोटी ओळखायला बसलेला नाही.

सापाला बाहेरून कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. आतला कान मात्र असतो, तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला. जमिनीतला हादरा आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात, सगळ्यात चांगले ८० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचे. खरा अल्ट्रासोनिक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ४०० हर्ट्झची गुरगुर थोडीफार कळेल, पण कळली म्हणून तो पळेल कशाला? हादरा आला आणि पाठोपाठ काहीच झालं नाही, असं चार वेळा घडलं की त्याची सवय होते. संगमेश्वर रोड स्टेशनच्या पुढे रुळांकडेच्या खडीत उंदरांमागे फिरणारी धामण मी स्वतः पाहिली आहे. गाड्या धडधडत जाताहेत आणि बाई आपल्या कामात!

त्यात आमची जमीन. जूनच्या मध्यावर परसात पाऊल घोट्यापर्यंत रुततं. अशा लगद्यात काठीचा हादरा हातभरही जात नाही. मी चप्पल काढून तळवा टेकवून पाहिला. आणि पावसाळ्यात सौर पट्टीला ऊन कुठून मिळणार? आषाढात ती मुकीच झाली. म्हणजे ज्या महिन्यांत दिवडाचा राबता सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत हिची सुट्टी. उघडीप मिळाली त्या दिवशी पुन्हा गुरगुरायला लागली, तेव्हा दिवड तिच्यापासून वीतभर अंतरावर कट्ट्यावर ऊन खात पसरला होता. फोटो जोडलाय. अंगावरचे बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यामागच्या दोन काळ्या रेघा बघा, म्हणजे ओळख पटेल. दिवड बिनविषारी आहे, पण स्वभावाने तापट. डिवचला तर मान चपटी करून नागासारखा उभा राहतो आणि कडकडून चावतो, रक्तही बरंच येतं. नाग समजून याला किती ठिकाणी काठीने मारतात, त्याला गणती नाही. म्हणून लांबून बघा, हात लावू नका, आणि शंका असेल तर नागच समजून वागा.

काठीसोबत एक 'सर्परोधक' पावडरची पुडी फुकट आली होती. डांबरगोळ्यांचा वास आला, तशी केराची वाट दाखवली. तळ्याकाठी असलं काही टाकलं की पावसाबरोबर ते पाण्यात उतरतं. मासे आधी मरतील, साप नंतर कधीतरी. फिनेल आणि कार्बोलिक ॲसिडचंही तेच.

वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला एकदा बोलावलं होतं (वनविभागाचा क्रमांक १९२६). त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, न्यायचा तर नेतो. पण पाणी इथंच, बेडूक इथंच. हा गेला की दुसरा येईल." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. पाचपैकी पाच गुण त्याला.

त्याच्याच सांगण्यावरून तळ्यावर झाकण करून घेतलं. गावातल्या फॅब्रिकेटरकडून अँगलची चौकट, तिला गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी आणि एका बाजूला बिजागऱ्या. जाळीचं भोक पाव इंचाचं हवं. अर्ध्या इंचातून दिवडाची पेन्सिलीएवढी पिल्लं सरळ आत जातात आणि पावसाळ्यात पिल्लं चिक्कार असतात. चौकट कट्ट्यावर घट्ट बसली पाहिजे, कोपऱ्यात बोट जायला नको. खर्च काठ्यांच्या दुपटीहून जास्त आला. कुमुदाची पानं जाळीला टेकतात, ते दिसायला बरं नाही, हे मान्य. फुलं उमलायच्या दिवसांत सकाळी झाकण उघडते आणि तिन्हीसांजेच्या आत लावते.

नायलॉनची पक्ष्यांची जाळी स्वस्त मिळते, ती मात्र घेऊ नका. शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर होती, त्यात धामण अडकली. साप पुढे घुसतो, खवल्यांत दोरा रुततो, मागे येता येत नाही. सर्पमित्राला कात्रीने एकेक दोरा कापावा लागला.

जाळीबरोबर कट्ट्यालगतचा फुटक्या चिऱ्यांचा ढीग हलवला, उंदरांची बिळं बुजवली, गवत कापलं. दिवड अजून येतो, परसाच्या कडेच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, असतो. तळ्याकडे फिरकत नाही, कारण आता तिथे त्याच्या पोटाचं काही नाही. सासूबाईंची त्याबद्दल तक्रार नाही. घराजवळ नाग किंवा घोणस दिसली तर मात्र पुन्हा फोन करणार, त्यात वाद नाही.

काठ्या परत करायची मुदत पाऊस थांबायच्या आतच संपली. विक्रेत्याने उत्तर दिलं की 'जमीन कोरडी हवी'. हे डब्यावर छापलेलं नाही. कोकणात राहत असाल तर एवढी ओळ वाचूनच पैसे वाचवा.