एआयची भीती दाखवून विकलेला कोर्स आणि माझ्या नावावर चढलेलं ₹1,36,600 चं कर्ज

आधी आकडे सांगतो, कारण बाकी सगळं ऐकून लोक नुसतं "अरेरे" म्हणतात. कोडिंग कोर्सच्या सीट बुकिंगचे ₹5,000 यूपीआयने गेले. उरलेले ₹1,36,600 माझ्या नावावर कर्ज, 18 हप्ते, प्रत्येकी ₹7,589. वर प्रोसेसिंग फी ₹2,360, जिचं फोनवर कोणी नावसुद्धा काढलं नव्हतं. बदल्यात मिळालं काय, तर रेकॉर्डेड व्हिडिओंची लिंक, एक ग्रुप ज्यात फक्त अॅडमिनलाच लिहिता येतं, आणि "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड" सर्टिफिकेटचं गाजर. ते रजिस्ट्रेशन म्हणजे साधी उद्यम नोंदणी निघाली. ती ऑनलाइन, फुकटात, आपणच आपली माहिती भरून होते. उद्या मी झेरॉक्सचं दुकान टाकलं तर मलाही मिळेल. शिकवण्याच्या दर्जाशी तिचा काडीचाही संबंध नाही, पण जाहिरातीत तिरंगी पट्टी लावून ती अशी छापतात की वाटावं मंत्रालयातूनच शिक्का मारून आलीये.

मी अकाउंट्सचा माणूस. बिलं जुळवणं, लेजर जुळवणं, सगळं आयुष्य एक्सेलमध्ये. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएस 12 हजारांवर लोक कमी करणार अशी बातमी आली आणि ऑफिसात दुसरा विषयच नाही. जे कोडिंग करतात त्यांचीच ही गत तर आपलं काय, की आत्ताच कोडिंग शिकून घ्यावं, की आता शिकून काही उपयोगच नाही, रोज हेच डोक्यात. हा प्रश्न मूर्खपणाचा नाहीये हे आधीच सांगतो, कारण खाली बरेच जण "एवढं शिकलेला माणूस आणि फसला कसा" लिहायला येणारच. या प्रश्नाचं उत्तर मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांकडे एकसारखं नाही, माझ्याकडे कुठून असणार. आणि एकदा रात्री "प्रोग्रॅमिंग शिकावं का" असं सर्च केलं की पुढचे कित्येक दिवस मोबाइल दुसरं काही दाखवतच नाही.

मेव्हणा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "दाजी, आधी महिनाभर फुकटात करून बघा, हार्वर्डचं सीएस50 आहे, फ्रीकोडकॅम्प आहे, एनपीटीईएलवर आपल्या आयआयटीच्या लोकांचे कोर्स आहेत, जमतंय असं वाटलं तर मग पैशाचं बघू." मला वाटलं ह्याला काय जातंय बोलायला, ह्याची नोकरी पक्की आहे. आणि खरं सांगू का, फुकटच्या गोष्टीला घरी कोणी वेळ देऊ देत नाही, पैसे भरले की सगळे म्हणतात शांत बसा, ह्याचा क्लास चालू आहे.

वेबिनार ₹99 चा होता. (हे ₹99 वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.) सुरुवातीलाच एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा प्रमुख जेन्सन ह्वांगची क्लिप, 2024 च्या फेब्रुवारीत दुबईत बोललेली, की कोणालाच प्रोग्रॅमिंग करावं लागू नये असं तंत्रज्ञान बनवणं हे आपलं काम आहे. मग सुंदर पिचाईंचं 2024 च्या ऑक्टोबरमधलं वाक्य, गूगलमधला एक चतुर्थांशाहून जास्त नवा कोड एआय तयार करतं. त्याच वाक्यात पुढे होतं की इंजिनियर तो कोड तपासतात आणि मग स्वीकारतात, ते यांनी कापलं. मग सरांनी एआयकडून दहा मिनिटांत एक वेबसाइट बनवून दाखवली आणि म्हणाले, बघा, कोडिंग संपलं. आणि पुढची स्लाइड काय, तर आमच्याकडे सहा महिने कोडिंग शिका.

संपलं ना? मग कशाला शिकू? हा प्रश्न तिथल्या तिथे पडायला हवा होता. चॅटमध्ये "पेमेंट डन सर", "थँक यू सर लाइफ चेंजिंग" असा पाऊस पडत होता, वर "फक्त 7 जागा" लुकलुकत होतं, त्या गडबडीत कोणाचं डोकं चालतं ते मला सांगा. लाइव्ह म्हणून दाखवलेलं ते सगळं रेकॉर्डिंग होतं. एवढं ओळखायला एक करा: चॅटमध्ये सरांना काहीतरी उलटंसुलटं विचारा आणि तोंडी उत्तर येतंय का बघा.

दुसऱ्या दिवशी काउन्सेलरचा फोन. आवाज गोड, वय फार तर तेवीस-चोवीस. "सर, तुम्ही स्कॉलरशिप टेस्टला एलिजिबल आहात." टेस्टमध्ये प्रश्न काय, तर पुढची संख्या ओळखा. मला ₹60,000 ची स्कॉलरशिप "लागली", ₹1,80,000 चे ₹1,20,000 झाले, त्यावर 18 टक्के जीएसटी ₹21,600, एकूण ₹1,41,600. माझ्यासोबत फसलेल्या एकाशी नंतर बोलणं झालं, त्यालाही ₹60,000 चीच लागली होती आणि त्याने तर निम्मी उत्तरं अंदाजाने ठोकली होती.

आता तो ओटीपी. ह्याच्यावर मी अजून रात्री जागा असतो. काउन्सेलर म्हणाला फी हप्त्यात भरायची सोय आहे, नो कॉस्ट, त्यासाठी फक्त स्कॉलरशिप व्हेरिफिकेशन करायचं. पॅन टाका, सेल्फी द्या, आलेला नंबर टाका. मोबाइलवर वर नोटिफिकेशन येतं त्यात सहा आकडे आणि शेजारी कॉपीचं बटण, दाबलं, टाकलं, झालं. त्या मेसेजमध्ये आकड्यांच्या पुढे स्पष्ट लिहिलं होतं की हा ओटीपी लोन अॅग्रीमेंटच्या ई-साइनसाठी, म्हणजे ऑनलाइन सहीसाठी आहे. लोन. कर्जाचं नाव फोनवर एकदाही निघालं नव्हतं आणि मेसेजमध्ये ते ढळढळीत होतं. पण दिवसाला दहा ओटीपी येतात, गॅसचा, बँकेचा, पार्सलचा, कोण पूर्ण मेसेज वाचतो? तुम्ही वाचता? आणि कानाशी माणूस सतत "सर टाकलात का, सर सेशन एक्स्पायर होईल" करत असतो, त्याला ते तसंच शिकवलेलं असतं. फोन ठेवा आणि मगच ओटीपीचा मेसेज उघडा. फोन ठेवू देत नसेल तर तिथेच संपवा.

कर्जाची खरी गोम पुढे आहे. कर्ज माझ्या नावावर, पण पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, थेट संस्थेच्या खात्यात गेले. म्हणजे संस्थेला पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळे पैसे मिळाले, आता मी शिकलो काय आणि न शिकलो काय, त्यांना फरक पडत नाही. मी भांडणार संस्थेशी आणि हप्ता कापणार तिसराच.

कोर्स सुरू झाला. एआयच्या युगातला कोर्स म्हणून विकलेल्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पहिल्याच व्हिडिओत सर प्रिंट लिहून कंस न टाकता पुढे जातात. मी तसंच लिहिलं, एरर. परत लिहिलं, एरर. मला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. मेव्हण्याला स्क्रीनशॉट पाठवला तर तो हसायलाच लागला, म्हणाला ही पायथन 2 या जुन्या आवृत्तीची पद्धत आहे, त्याचा सपोर्टच 1 जानेवारी 2020 ला बंद झाला. म्हणजे चॅटजीपीटी आलं 2022 च्या नोव्हेंबरात आणि माझे व्हिडिओ त्याच्याही आधीच्या जमान्यातले. "डाउट मेंटर"ला विचारलं तर त्याचं उत्तर आलं की सर तुम्ही एरर चॅटजीपीटीमध्ये टाकून बघा. ₹1,41,600 देऊन हा सल्ला.

पैसे परत मागितल्यावर करार दाखवला. जाहिरातीत जॉब गॅरंटी, करारात फक्त नोकरी शोधायला मदत. रिफंडसाठी 85 टक्के हजेरी, सगळ्या असाइनमेंट मंजूर झालेल्या हव्यात, आणि मंजूर करणारे तेच. असाइनमेंटचं पोर्टल निम्मा वेळ बंद.

मग सुरू झाली वरात. पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ओटीपी कोणी दिला? मी दिला. मग हा सिव्हिल मॅटर आहे. अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या, उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. सायबरवाले म्हणाले ही फसवणूक नाही, तुम्ही सेवा विकत घेतली आणि ती आवडली नाही एवढंच. आवडली नाही! हॉटेलात भाजी तिखट लागली अशा सुरात. एका तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, जरा हायसं वाटलं. काही दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली काढली. काय निकाली? संस्थेने उत्तर दिलं की ग्राहकाला कोर्सचा अॅक्सेस दिलेला आहे, आणि ते उत्तर म्हणजेच निकाल. मला कोणी विचारलंच नाही. कर्ज देणारे म्हणतात आमचा शिकवण्याशी संबंध नाही. बँकेत गेलो हप्ता थांबवायला, तर बाई म्हणाल्या मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, तुम्हीच दिलाय, थांबवा पण बाउन्सचा दंड बसेल. बसला. बँकेचे ₹590, कर्जवाल्यांचे ₹590, एका महिन्यात ₹1,180 हवेत, वर वसुलीवाल्याचा फोन थेट बायकोला, तिचा नंबर त्यांच्याकडे गेला कसा ह्याचंही उत्तर कोणी देत नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस दुसरं टेबल दाखवतो आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच, एवढा शिकलेला माणूस तुम्ही.

आता हप्ते भरतोय, सिबिल खराब होऊ नये म्हणून. ग्राहक आयोगात जाणार आहे. करारात त्यांच्या शहराचं कोर्ट लिहिलंय म्हणून कच खाऊ नका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ₹5 लाखांपर्यंत मोजलेले असतील तर फी नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. कर्ज देणाऱ्याविरुद्ध आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोनवर झालेलं बोलणं ईमेलवर लिहून त्यांनाच पाठवा, "आपण आज असं म्हणालात" म्हणून. माझ्याकडे गोड आवाजाशिवाय पुरावा नाही.

आणि तो मूळ प्रश्न, शिकावं का? संतापाने सगळं सोडून देणार होतो. मग ऑफिसच्या बिलांसाठी एआयकडून पायथनची एक स्क्रिप्ट लिहून घेतली, झकास चालली, एरर नाही काही नाही, पण बरीच बिलं जुळेचनात. सीएस50 चे फुकटचे धडे बघून आणि मेव्हण्याला पिडून शेवटी सापडलं: शून्याने सुरू होणारे बिल नंबर ती संख्या म्हणून वाचत होती, 004512 चं 4512 होत होतं. एआयने आपणहून सांगितलं नाही, मी बोट ठेवल्यावर लगेच "बरोबर आहे तुमचं" म्हणालं. एवढं ओळखण्यापुरतं मी शिकतोय, माझ्या कामात ते उपयोगी आहे. दुसऱ्याला नसेलही. पण हे कळायला मला एक रुपया लागला नाही, आणि ज्यांना ₹1,41,600 दिले त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

ज्यांनी गेल्या एक-दोन दिवसांत असा ओटीपी दिलाय त्यांनी हे वाचणं थांबवा आणि कर्जाचा ईमेल शोधा, बहुतेक स्पॅममध्ये असेल. त्यात की फॅक्ट स्टेटमेंट नावाची पीडीएफ असते आणि तिच्यात कूलिंग-ऑफ पिरियड दिलेला असतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. संस्थेला फोन करत बसू नका, ते "सोमवारी मॅनेजर बोलतील" म्हणून मुदत घालवतात. माझी तशीच घालवली.