आंबवणीचा घरगुती संच: कोकणच्या हवेत आठ महिने

गेल्या मे महिन्यात मी घरी पेये आंबवण्याचा एक संच ऑनलाइन मागवला आणि यंदाच्या जानेवारीपर्यंत तो सातत्याने वापरला. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला उकाडा, दमट हवा आणि खारा वारा यांत ही वस्तू कशी टिकली, हे घेऊ पाहणाऱ्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

३,४०० रुपयांच्या या संचात पाच लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, बूच बसवलेले झाकण, एअरलॉक, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजून त्यातल्या साखरेचा अंदाज देणारे उपकरण) व त्याची उभी नळी, खटक्याच्या झाकणाच्या सहा बाटल्या, माल्टच्या अर्काचा डबा, यीस्ट, हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, गोळ्यांची पुडी आणि एक पुस्तिका मिळते. या यादीवरूनच लक्षात येते की संच मुळात घरी एल, म्हणजे बिअरचा एक प्रकार, बनवण्यासाठी रचलेला आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही. ही गोष्ट विक्रेत्याने खोक्यावर ठळक छापायला हवी होती. पुस्तिकेतही तिचा उल्लेख नाही. माल्टचा डबा आणि यीस्ट मी तसेच ठेवून दिले. मला संच हवा होता तो आमच्या पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून लावलेल्या आल्याचे फसफसते पेय, म्हणजे जिंजर एल, करण्यासाठी.

हॉप्सच्या पुडीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ती पाहून आमच्याकडे येणारे अनेक जण हा वेल आपल्याकडे लावता येईल का, असे विचारतात. हॉप्सच्या वेलाला हिवाळ्यात चांगली थंडी आणि उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात. भारतात त्याची लागवड हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात झाली ती यामुळेच. आपल्या किनाऱ्यावर वर्षातला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा असतो आणि थंडी नावापुरती पडते; इथे वेल जगला तरी त्याला फुलांचे घोस धरतील अशी आशा ठेवू नये. संचातल्या पुडीला तर उघडताच जुन्या चीजसारखा वास आला. हॉप्स उष्णतेत आणि हवेत राहिले की त्यांना हाच वास येतो. ती थंड जागी ठेवायची वस्तू साध्या पुडीत भर उन्हाळ्यात पाठवण्यात अर्थ नाही. शिवाय हॉप्समुळे लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि आल्याच्या विरजणाला तर तेच जिवाणू हवे असतात. त्यामुळे कडसर सुगंधासाठी मी आपले तिरफळ वापरते. आतले काळे बी काढून टाकायचे आणि वाळलेली दोन-तीन टरफले साखरपाण्यात उकळायची. बांगड्याच्या सारातले तिरफळ आल्याशी इतके जुळेल असे मला आधी वाटले नव्हते, पण आता त्याशिवाय हे पेय मला अपुरे वाटते.

बरणी उत्तम आहे. काच जाड आहे, तोंडातून हात आत जातो आणि त्यामुळे ती तळापर्यंत घासता येते. एअरलॉकही चांगला आहे: आतला वायू पाण्यातून बुडबुड्याने बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही आणि मुख्य म्हणजे चिलटे व मुंग्या आत शिरत नाहीत. आमच्याकडे गोडाचे भांडे रात्रभर उघडे राहिले की सकाळी मुंग्यांची रांग ठरलेली, म्हणून मला या एका तुकड्याची किंमत फार वाटते. काळजी इतकीच घ्यावी लागते की उन्हाळ्यात त्यातले पाणी तीन-चार दिवसांत आटते. पहाटे गारवा आला की बरणीतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधले पाणी थेंबथेंब आत ओढले जाते. म्हणून त्यात उकळून गार केलेले पाणीच घालावे.

पुस्तिका मात्र थंड प्रदेशासाठी लिहिलेली आहे, आणि या संचाचा खरा दोष तोच आहे. सालासकट किसलेले आले दोन चमचे, साखर दोन चमचे आणि पाणी, असे रोज घालत गेल्यास विरजण पाच ते सात दिवसांत फेसाळेल, असे तिच्यात म्हटले आहे. मे महिन्यात माझ्या बरणीला दुसऱ्याच संध्याकाळी बुडबुडे आले. पावसाळ्यात उलट घडले. विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करणारी क्लोरीनयुक्त भुकटी) टाकल्यानंतर आठवडाभर विरजण निपचित पडले होते आणि पाणी उकळून, रात्रभर उघडे ठेवून वापरल्यावरच त्याने पुन्हा जोर धरला. याबद्दलही पुस्तिकेत चकार शब्द नाही.

बाटल्यांच्या बाबतीत ही चूक धोक्याची ठरली. माझे प्रमाण चार लिटर पाण्याला २४० ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम असे आहे. बाटलीत चांगली फसफस येण्यासाठी त्यातली लिटरमागे साधारण आठ ग्रॅम साखर आंबणे पुरेसे असते. तेवढ्यातून सुमारे चार ग्रॅम वायू आणि अर्धा टक्का अल्कोहोल तयार होते. उरलेली बावन्न ग्रॅम चवीसाठी राहायला हवी, पण यीस्टला ते ठाऊक नसते. बाटली गरम जागी राहिली तर ते साखर खातच जाते आणि वायूचा दाब वाढतच राहतो. पुस्तिकेच्या सांगण्यावरून मी भरलेल्या बाटल्या तीन दिवस फडताळात ठेवल्या. दुसऱ्या रात्री मोठा आवाज झाला. सकाळी पाहिले तर एक बाटली कोपऱ्यापासून उभी फुटलेली होती आणि तिचा एक तुकडा फडताळाच्या लाकडात रुतला होता. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नव्हते, हे आमचे भाग्य.

फुटलेली बाटली चौकोनी होती. सहा बाटल्यांपैकी दोन चौकोनी आणि चार गोल होत्या, आणि दाब येणाऱ्या पेयासाठी चौकोनी बाटली देणे ही विक्रेत्याची गंभीर चूक आहे. गोल बाटलीत दाबाचा ताण सगळीकडे सारखा विभागला जातो. चौकोनी बाटलीत तो कोपऱ्यांवर एकवटतो. तशा बाटल्या सरबताला किंवा तेलाला ठीक असतात. तक्रार केल्यावर विक्रेत्याने दहा दिवसांत दोन गोल बाटल्या पाठवल्या, पण चुकीबद्दल एक शब्दही लिहिला नाही. माहितीच्या पानावर आजही चौकोनी बाटल्यांचेच छायाचित्र दिसते. हा संच कोणी घेतलाच, तर चौकोनी बाटल्या त्याच दिवशी बाजूला काढाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवसापासून मी दिवस मोजणे सोडले. प्रत्येक वेळी काचेच्या बाटल्यांबरोबर सोड्याची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली भरते आणि ती सगळ्यांच्या शेजारी ठेवते. सकाळ-संध्याकाळ ती दाबून बघायची. ती दगडासारखी घट्ट लागली की आतला दाब पुरेसा झाला असे समजून सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवायच्या. मे महिन्यात यासाठी बारा तास लागत, ऑक्टोबरात अठरा. बाटली प्यायला घेतानाही ती पूर्ण गार असावी, वर फडके धरावे आणि खटका हळूहळू सोडावा. हे पेय आंबवलेले आहे आणि त्यात थोडे अल्कोहोल असते, हे मी पाहुण्यांना आधी सांगते. लहान मुलांना ते देत नाही.

हायड्रोमीटर नाजूक असला तरी नीट काम करतो. माझ्या प्रमाणाच्या साखरपाण्यात तो साधारण १.०२३ दाखवतो आणि एकूण चार अंश उतरले, म्हणजे १.०१९ वर आला, की लिटरमागे जवळपास आठ ग्रॅम साखर आंबलेली असते. मात्र त्याच्या दांडीवरच बारीक अक्षरांत लिहिले आहे की त्याची मोजणी २० अंश सेल्सियसची आहे. आमच्या स्वयंपाकघरात द्रव ३० अंशांचा असतो आणि तेवढ्या तापमानाला तो घनता जवळपास अडीच अंश (०.००२५) कमी दाखवतो. नवख्या माणसाने गरम आणि गार असे दोन नमुने एकमेकांशी ताडून पाहिले तर त्याची हमखास फसगत होईल. दोन्ही नमुने एकाच तापमानाला मोजले की हा घोळ राहत नाही.

खाऱ्या हवेचा उल्लेख राहिला. खटक्यांच्या तारा स्टेनलेस स्टीलच्या असल्याचे जाहिरातीत म्हटले होते, पण गणपतीच्या सुमारास त्यांच्या वळणांवर तांबूस डाग आले आणि दिवाळीपर्यंत एक तार तुटली. गोल बाटल्यांची काच चांगली असल्याने मी चिपळूणहून चांगल्या तारा आणून त्या बसवून घेतल्या. रबरी वॉशर मात्र त्या मापाचे इथे मिळाले नाहीत आणि ते विक्रेत्याकडूनच मागवावे लागले.

जानेवारीत बागेतले ताजे आले निघाले तेव्हा मी शेवटचे भांडे लावले. या वेळी बाटल्या स्वयंपाकघरात न ठेवता मागच्या बाजूच्या जांभ्याच्या भिंतींच्या कोठीत ठेवल्या, कारण तिथे पहाटे पारा २२ अंशांवर येतो. प्लॅस्टिकची बाटली पहिल्या दिवशी मऊच होती, दुसऱ्या दिवशी जराशी ताठरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दगडासारखी झाली. पुस्तिकेत सांगितलेले तीन दिवस आठ महिन्यांत त्या एकदाच खरे ठरले.