मॅन पेज की लिंकवाला हेल्प व्ह्यूअर: सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कशात वाचावं?

निवड करण्याआधी स्वतःला एकच विचारून बघा: जे शोधायचंय, त्याचा नेमका शब्द मला ठाऊक आहे का?

ठाऊक असेल, तर साध्या टेक्स्टला, म्हणजे टर्मिनलमध्ये मॅन या कमांडने उघडणाऱ्या मॅन पेजला, तोड नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालं. त्यातला नाव, सिनॉप्सिस (कमांड कशी लिहायची ते), वर्णन, शेवटाकडे बग्ज (माहीत असलेले दोष) हा साचा मॅन पेजमध्ये आजही ओळखू येतो. त्यामुळे कुठलंही पेज उघडलं तरी नजर आपोआप योग्य जागी जाते. स्लॅश दाबून शब्द टाइप करा, पुढच्या जागेसाठी एन, बाहेर पडायला क्यू. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरलेलं असताना, ग्राफिक्स नसताना, नेट बंद असतानाही हे चालतं. शिवाय हवा तो शब्द असलेल्या ओळी काढणारा ग्रेप लावता येतो, जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक डिफने काढता येतो.

पण बॅशचं, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, मॅन पेज उघडा. हजारो ओळी, सगळं एकाच पानात. ‘रीड’ ही कमांड शोधायला जावं तर सर्च इंग्रजीतल्या ‘ऑलरेडी’च्या पोटातल्या ‘रीड’वरही थांबतो. अनुभवी लोक ओळीची सुरुवात दाखवणारं कॅरेटचं चिन्ह, मग मोकळ्या जागा आणि मग शब्द असा सर्च करतात. नवख्याला हे कोण सांगणार?

बॅशचंच मॅन्युअल इन्फोमध्ये, म्हणजे जीएनयू प्रकल्पाच्या लिंकवाल्या हेल्प व्ह्यूअरमध्ये उघडा. आय दाबा, ‘रीड’ लिहा, एंटर. थेट त्या कमांडच्या वर्णनावर. हा साधा सर्च नव्हे, ही सूची आहे आणि ती लेखकाने हाताने घडवलेली असते. मजकुरात नसलेला, पण वाचकाच्या मनात येईल असा शब्दही तिथे टाकता येतो. शब्द माहीत नसणाऱ्याला खरा आधार हाच. म्हणून हेल्प व्ह्यूअर पारखताना मी रंगरूप बघत नाही, आधी सूची उघडते. सूची दुबळी असेल तर नुसत्या लिंकांचा फारसा उपयोग नाही.

लिंकांचा एक धोका मला चांगलाच भोवलाय. एका बॅकअपच्या प्रोग्रॅमची मदत वाचताना मी थेट एका ऑप्शनच्या पानावर उतरले. आधी चाचणी घ्या, नाहीतर फायली पुसल्या जातील, ही सूचना त्याच्या वरच्या प्रकरणात होती. ते पान मी उघडलंच नाही. आठवड्याचं काम गेलं. तेव्हापासून इन्फोमध्ये कुठेही उतरले की आधी यू दाबून वरचा नोड, म्हणजे वरचं पान, वाचते, मग एल दाबून परत येते.

टिकाऊपणात मात्र सरळ टेक्स्टच पुढे. विंडोजची जुनी एचएलपी मदत उघडणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजसोबत येणं बंद झालं. तिच्या जागी आलेली सीएचएम फाइल सुटसुटीत खरी, डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे पान. पण नेटवरून उतरवलेली सीएचएम उघडली की उजवी बाजू कोरी राहू शकते. फाइल बिघडलेली नसते, विंडोजने सुरक्षेसाठी अडवलेली असते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावं लागतं.

विम या टेक्स्ट एडिटरची मदत मला सगळ्यांत आवडते. फायली निव्वळ टेक्स्टच्या, पण शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की त्या विषयावर उडी, कंट्रोल-ओने परत. दोन्हीचं सुख एकाच जागी.

रोजच्या कमांडचे ऑप्शन आठवायचे असतील तर मॅन पेज घ्या. नवा विषय मुळापासून शिकायचा असेल तर इन्फो किंवा तसाच चांगल्या सूचीचा व्ह्यूअर. आणि इन्फोच्या कळा हाताला बसेनात, तर ‘सबनोड्स’ हा ऑप्शन देऊन अख्खं मॅन्युअल एका टेक्स्ट फायलीत उतरवून घ्या. मग त्यावर ग्रेपही चालतो.